मिटलेला द्राक्षारस

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षे गेली. रंग टिकतो कसा आणि उडतो कसा, हा माझ्या पोटापाण्याचा विषय होता. निवृत्तीनंतर बोईसरच्या घरात बसल्या बसल्या ज्या एका लाल रंगाने मला पुन्हा विद्यार्थी केले, त्याची ही हकिगत आहे. तिच्यात एक कबुलीही आहे. ती मी फादरांपाशी केव्हाच दिली. पण काही गोष्टी पापनिवेदनात सांगून झाल्या तरी विचार करायच्या शिल्लक राहतात.

माझा भाचा बोटीवर नोकरीला होता. २०१७ च्या नाताळाला तो घरी आला तेव्हा त्याने फ्रान्समधून एकाच वाइनच्या तीन बाटल्या आणल्या. बर्गंडी प्रांतातील, २०१५ सालच्या द्राक्षांची, ‘पिनो न्वार’ नावाच्या जातीची हलकी लाल वाइन. तिन्ही एकाच पेटीतल्या. लेबल एक, किंमत एक. देताना तो म्हणाला, “मामा, एक या नाताळाला फोडा. बाकीच्या दोन विसरून जा.” विसरून जाण्याची सूचना मला चमत्कारिक वाटली. आपल्याकडे भेटवस्तू एकतर लगेच वापरतात, नाहीतर शोकेसमध्ये ठेवतात.

पहिली बाटली वसईला गावच्या घरी, माझ्या आईवडिलांच्या समवेत उघडली. रंग इतका पातळ की पेल्यापलीकडचे बोट दिसावे. बाबा म्हणाले, “हे तर कोकम सरबत!” पण वास मात्र असा आला की टेबलावरचे बोलणे क्षणभर थांबले. तुती, ताजी स्ट्रॉबेरी, आणि मे महिन्याच्या अखेरीस डोंगरात करवंदे पिकतात तेव्हाचा तो ओलसर, आंबटगोड दरवळ. आईने दोनदा मागून घेतली. आई गावातल्या लग्नांची गाणारी बाई. उंबराच्या पाण्याला तिच्यावाचून मांडव हलत नसे. दुसऱ्या पेल्यानंतर तिने एक जुने गाणे धरले, आणि बाबांनी नेहमीप्रमाणे चुकीच्या जागी ताल दिला.

उरलेल्या दोन बाटल्या मी बोईसरला आणून फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात आडव्या ठेवल्या. ही जागा योग्यच होती. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. बारा-चौदा अंशांच्या तळघरात जी वाइन सावकाश म्हातारी होते, ती आमच्या किनाऱ्यावरच्या उन्हाळ्यात कपाटावर ठेवली तर काही महिन्यांतच थकते. शिवाय सगळ्या क्रिया सारख्याच पटीने वाढत नाहीत. म्हणून उष्णतेत राहिलेली वाइन नुसती लवकर म्हातारी होत नाही, ती वेगळीच कोणीतरी होते. एके काळी मदेरा बेटावरची वाइन हिंदुस्थानपर्यंत गलबतांच्या तापलेल्या पोटातून फिरवून पुन्हा युरोपात नेत आणि या प्रवासामुळे ती अधिक मोलाची मानीत. पण मदेरा पडली दणकट, वरून स्पिरिट घातलेली. हलक्या वाइनला अशी यात्रा सोसत नाही.

आता हलकी लाल वाइन म्हणजे काय, ते थोडे सांगतो. द्राक्षाचा रस बहुधा पांढराच असतो. लाल रंग सालीतून येतो. त्या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. सालीतून आणि बियांतून आणखी एक वस्तू येते ती टॅनिन. कडक चहा जिभेला जो तुरटपणा देतो, तोच हा. पिनो न्वारच्या सालीत रंग मुळातच बेताचा. बाटलीत गेल्यावर रंगद्रव्ये आणि टॅनिन यांची हळूहळू सोयरीक जमते. त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात, मोठे होतात आणि काही तळाशी बसतात. जांभळी छटा जाऊन विटेचा रंग येतो. सुवासाचे गणित निराळेच आहे. तरुण वाइनचा फळांचा दरवळ बराचसा आंबवण्याच्या क्रियेत जन्मलेल्या एस्टर नावाच्या संयुगांचा असतो आणि वर्षा-दोन वर्षांत ती बरीच विरून जातात. वाढत्या वयाचा जो खोल गंध असतो, वाळलेली पाने, ओली माती, सुके फळ असा, तो दुसऱ्याच द्रव्यांतून सावकाश तयार होतो. पहिला गेलेला आणि दुसरा अजून न आलेला, असा मधला काळ काही वाइनच्या आयुष्यात येतो. हवेवाचून कोंडलेल्या बाटलीत गंधकाची काही संयुगेही वासावर पडदा टाकतात. या अवस्थेचे सर्वांना मान्य होईल असे रासायनिक स्पष्टीकरण अजून कोणी दिलेले नाही. पण पिढ्यान् पिढ्या वाइन करणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. फ्रेंच लोक म्हणतात, वाइनने दार लावून घेतले. इंग्रज तिला मुकी म्हणतात.

लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात वाइन काचेच्या नळ्यांत भरून काही नळ्यांत हवा ठेवली, काहींत ठेवली नाही. हवा असलेल्या नळीतली वाइन थोड्याच दिवसांत गाळ टाकून जुनी झाली. दुसरी तशीच राहिली. यावरून त्यांनी प्राणवायूला वाइनचा घडविता मानले. पुढच्या संशोधकांनी यात दुरुस्ती केली: पिंपातल्या वाढीला हवा लागते, पण बाटलीतली वाढ मुख्यतः हवेवाचूनच होते. म्हणजे बुचाआड, अंधारात, कोणाच्याही मदतीशिवाय. मला हे वाचून बरे वाटले होते. पुढे कळले की बरे वाटण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते.

२०१८ च्या पावसाळ्यात बाबा गेले. आईला आम्ही बोईसरला आणले. गाणारी बाई हळूहळू गप्प झाली. प्रथम गाणे गेले, मग गोष्टी, मग प्रश्न आणि शेवटी होकार-नकारही मानेवर आले. डॉक्टरांना दाखवले, औषधे दिली. ती जेवे, स्नान करी, खिडकीपाशी बसे. पाहुणे दारातच हळू आवाजात विचारीत, “आता ओळखतात का?” काही दिवसांनी आम्हीही तिच्यासमोर तिच्याविषयी तृतीयपुरुषी बोलू लागलो.

२०१९ च्या नाताळाला दुसरी बाटली उघडली. भाचा नव्हता, पण भाऊ आणि बहीण सहकुटुंब आले होते. मी मोठ्या ऐटीत तिचे गुण वर्णिले आणि तोंडघशी पडलो. वास नाही. चव म्हणजे पाण्यात थोडा आंबटपणा आणि थोडा तुरटपणा. बिघडलेली म्हणावी तर शिर्क्याचा वास नाही, बुरशी नाही, गढूळपणा नाही. नुसती हजर होती, एवढेच. भाऊ म्हणाला, “गेली रे ही.” बाकीची बदकाच्या रश्श्यात गेली. आईला उपचार म्हणून घोटभर दिली होती. तिने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “ही झोपलीय.” त्या आठवड्यातले तिचे ते एकच वाक्य. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि त्या पाहण्याचा अर्थ जो व्हायचा तोच झाला.

आता कबुली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२० मध्ये, आम्ही तिघा भावंडांनी गावच्या घराची वाटणी केली. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेत मुलेबाळे असताना विधवेला एक-तृतीयांश वाटा असतो. आईने तो सोडल्याचे पत्र तयार केले. सही करायची जागा मी स्वतः बोट ठेवून तिला दाखवली. तिने स्वच्छ अक्षरात सही केली. आमचा हेतू वाईट नव्हता. तिला पैशाची गरज नव्हती, तिचे सगळे आम्ही पाहत होतो, आणि ती तर आता... ते वाक्य कोणी पूर्ण केले नाही. पूर्ण करण्याची गरजच पडली नाही, इतके ते सर्वांना मान्य होते.

आपल्या भाषेत ‘मिटणे’ हे क्रियापद मोठे फसवे आहे. संध्याकाळी कमळ मिटते, लाजाळूचे पान मिटते, डोळे मिटतात. तेथे पुन्हा उमलण्याची वाट मोकळी असते. पण भांडण मिटते, खूण मिटते, नावनिशाणी मिटते, तेव्हा ते गेले ते गेले. आणि ‘त्याने डोळे मिटले’ या एका वाक्यात तर झोपही बसते आणि मरणही. बोलणाऱ्याला ठाऊक असते त्याला काय म्हणायचे आहे. पाहणाऱ्याला मात्र समोरची वस्तू कोणत्या अर्थाने मिटली आहे ते बाहेरून कळत नाही. तारापूरच्या अणुभट्टीत तयार होणाऱ्या सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षे, हे पुस्तकात मिळते. बाटलीचे कोणत्याच पुस्तकात मिळत नाही. पाहायचे तर बूच काढावे लागते, आणि बूच काढले की ती बाटली संपली. एका बाटलीची परीक्षा दुसरीच्या जिवावरच होते.

मला प्रश्न पडतो तो असा. एका घोटाने मिळालेल्या पुराव्यावर निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला कुठून येतो? ‘हिची चव मला लागत नाही’ हे विधान माझ्याविषयी आणि त्या संध्याकाळविषयी आहे. ‘हिला चव नाही’ हे विधान तिच्याविषयी आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर आपण इतक्या सहज उडी मारतो की मध्ये दरी होती हे ध्यानातही येत नाही.

ख्रिस्तसभा या बाबतीत अधिक सावध आहे, हे मला फार उशिरा दिसले. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ वे कलम मिस्साच्या द्राक्षारसाविषयी बोलते. त्याच्या अटी मोजक्या आहेत: तो द्राक्षवेलीच्या फळाचा असावा, निर्भेळ असावा आणि नासलेला नसावा. तो सुवासिक असावा, चवदार असावा असे कोठेही म्हटलेले नाही. आमच्याकडे दूरच्या पाड्यांवर जाणारे धर्मगुरू लहानशा बाटलीतून जो द्राक्षारस नेतात, त्याचे कौतुक कोणी करणार नाही. उकाड्यात उघडलेली बाटली आंबू नये एवढीच त्यांची काळजी. म्हणजे मुका द्राक्षारस वेदीवर चालतो, नासलेला चालत नाही. मौन आणि नासाडी यांत भेद करणारी ही कसोटी आमच्याच घरी, आमच्याच धर्मग्रामात, दर रविवारी आमच्यासमोर उंचावली जात होती.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. चर्चची दारे बंद, कारखाने बंद, बोईसर स्टेशन रिकामे. घरात आम्ही तिघे. माझी पत्नी रोज रात्री आईजवळ बसून जपमाळ म्हणे. ती एकटीच. ‘नमो मरिया’चा पहिला भाग म्हणायची आणि थांबायची, जितका वेळ उत्तर द्यायला लागतो तितका वेळ. उत्तर येत नसे. मग दुसरा भागही तीच म्हणायची. पन्नास वेळा. मला ते पाहवत नसे. मी उठून बाहेरच्या खोलीत जाई. एकदा तिला म्हणालो, “कशाला थांबतेस?” ती म्हणाली, “अहो, त्यांची जागा आहे ती.”

येथे माझी उपमा लंगडी पडते आणि ते मला मान्य आहे. मिटलेल्या वाइनसाठी सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तिला हात न लावणे. माणसाचे तसे नाही. ‘वेळ जाऊ द्या, आपोआप ठीक होईल’ असे म्हणून आपण दार ओढून घेतो तेव्हा बहुधा धीर धरत नसतो, सुटका करून घेत असतो. बूच न उपटता जवळ बसता येते, हे मला रसायनशास्त्रातून कळले नसते.

ऑगस्टमध्ये मासेमारीवरची बंदी उठली. सातपाटीहून सरंगा घेऊन कोळीण दारात आली. पत्नी भाव करीत असता आतून आवाज आला, “कल्ले बघून घे.” दोघीही दचकल्या. मग पुढच्या आठवड्यांत शब्द येऊ लागले, तुटक, निवडक. ते जुने खळाळणे नव्हते. ती कमी बोलायची आणि बोलायची ते खोल असायचे. विनोदही करायची, पण तो कळायला क्षणभर लागे. गाणे एकदाच म्हणाली, तेही गुणगुणल्यासारखे. पूर्वीची आई परत आली असे मी म्हणणार नाही. ही निराळीच होती आणि मला तिची थोडी भीती वाटे, कारण तिला सर्व ठाऊक होते. एकदा दुपारी तांदूळ निवडताना ती म्हणाली, “सही कुठं करायची ते तुम्ही सगळ्यांनी दाखवलं. काय लिहिलंय ते कोणी वाचून नाही दाखवलं.”

मी पत्र रद्द करू म्हणालो. ती म्हणाली, “राहू दे. घर मला नको होतं.” मग काय हवे होते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. तो कागद तसाच आहे. भावाला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने पावसाचा विषय काढला.

एवढ्यावरून ‘म्हणून सदैव वाट पाहावी’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मला मान्य नाही. हलक्या वाइनची दुसरी बाजू अशी की तिला फार वेळ नसतो. फ्रान्समधली बोजोले नुवो तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि पुढच्या काही महिन्यांत संपवायची असते. आमच्याच जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन करतात, तीही ताजेपणीच प्यायची. आमच्या आजीच्या हातची काळ्या मनुकांची वाइन तीन राजांच्या सणापुढे कधी टिकली नाही आणि टिकावी अशी कोणाची इच्छाही नव्हती. ओळखीच्या एका घरी लग्नात भेट आलेली लाल वाइन रौप्यमहोत्सवासाठी पंचवीस वर्षे कपाटावर ठेवली होती. उघडली तेव्हा तिने लोणचे घालता आले असते. रोमन लोक इ. स. पूर्व १२१ सालचे मद्य पिढ्यान् पिढ्या जपत. दोनशे वर्षांनी त्याचे काय झाले ते प्लिनीने लिहिले आहे: कडवट मधासारखा घट्ट गोळा, दुसऱ्या मद्यात चवीपुरता घालण्याजोगा. आपल्या समाजात मला ही दुसरी चूक पहिलीइतकीच दिसते. नवे ताट पाहुण्यांसाठी, चांगली साडी फेस्तासाठी, म्हाताऱ्या मावशीची भेट पुढच्या नाताळाला. या कंजूषपणाला आपण संयम म्हणतो. आई खिडकीपाशी बसली होती त्या दोन वर्षांत मी तिच्याजवळ बसू शकलो असतो. ‘बरी झाली की बसू’ असे मी ठरवले होते.

लवकर निकाल देणे ही एक चूक आणि उशिरा उघडणे ही दुसरी. अवघड हे की दोन्हींपासून वाचवणारा नियम एकच नाही. पहिलीला जे औषध, ते दुसरीला विष.

काना गावच्या लग्नाची गोष्ट आपण प्रत्येक लग्नात ऐकतो. तिच्यातला भोजनप्रमुख मला अलीकडे फार जवळचा वाटू लागला आहे. नवा द्राक्षारस चाखून तो वराला बोलावतो आणि चांगला द्राक्षारस आतापर्यंत राखून ठेवल्याबद्दल आश्चर्य व्यक्त करतो. त्याची जीभ खरी होती. चव त्याने अचूक ओळखली. पण अनुमान साफ चुकले. कोणीही काहीही राखून ठेवले नव्हते. सहा दगडी रांजणांत काही वेळापूर्वी पाणी होते. ज्यांनी ते भरले त्या चाकरांना हे ठाऊक होते, प्रमुखाला नव्हते, असे संत योहान मुद्दाम नमूद करतो. जाणकार म्हणून ज्याला तेथे बसवले होते, त्यालाच काय घडले ते कळले नाही; आणि ज्यांनी नुसते पाणी वाहिले, त्यांना कळले. जपमाळेच्या दुसऱ्या भागापाशी थांबणारी माझी पत्नी आणि प्रयोगशाळेत तीस वर्षे काढलेला मी, या दोघांत कोण कुठे बसतो हे मला सांगायला नको.

आई नोव्हेंबर २०२२ मध्ये वारली. तिसरी बाटली आम्ही पुढच्या पुनरुत्थानाच्या सणाला, ९ एप्रिल २०२३ रोजी उघडली. भाऊ-बहीण आले होते, भाचाही होता. बुचाचे टोक भिजलेले होते, तळाशी गाळाची पातळ रेघ होती. रंग कडेला विटेसारखा. पहिल्या घोटाला काही नाही. भाचा म्हणाला, “थांबा मामा.” दहा-पंधरा मिनिटांनी पेल्यातून काहीतरी वर आले. करवंदे नव्हती. पावसाच्या आधीची माती होती, सुकवलेल्या कोकमाच्या सालीचा वास होता आणि त्यामागे अगदी बारीक, ओळखीचे असे काही. भावाने पेला नाकाशी धरला आणि तो बोलला नाही. अर्ध्या तासाने ते सर्व उतरू लागले, जेवण संपेतो गेलेही. हलकीच होती ती शेवटी.

पत्नीने टेबलावर एक पेला जास्त मांडला होता. तो तसाच भरलेला राहिला. रात्री आवराआवर करताना तिने तो माझ्या हाती दिला आणि विचारले, “याचं काय करू?” मी तो प्यालो.